स्पीकरच्या लाकडी पेटीवरील ओरखडे

घरगुती स्पीकरच्या लाकडी किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या पेटीवरचे उथळ ओरखडे घालवण्याचे किंवा झाकण्याचे काम. अशा ओरखड्यांनी आवाजात काही फरक पडत नाही. प्रश्न निव्वळ दिसण्याचा आहे. वरातीत गाडीवर चढणारे डीजेचे खडबडीत खोके या नोंदीत येत नाहीत. त्यांना ओरखड्याचे सोयरसुतक नसते.

पेटी कशाची आहे, हे आधी पाहावे. ‘लाकडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्या आतून एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीच्या असतात. वर साधारण ०.५ मिलिमीटर जाडीचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा, म्हणजे विनिअर असतो, नाहीतर लाकडाच्या रेषा छापलेली विनाइलची फिल्म. फिल्मवर रेषा कोपऱ्यावरून अखंड वळते आणि तीच गाठ थोड्या अंतराने पुन्हा दिसते. विनिअरला कडेशी जोड असतो. सातपुड्यातल्या सागामुळे खान्देशातल्या जुन्या घरांत सुताराकडून करून घेतलेली सागवानी पेटीही सापडते. ती निर्धास्त घासता येते. फिल्मला मात्र पॉलिश पेपर लावूच नये, छापलेली रेषाच निघून जाते. तिथे जुळत्या रंगाचा टचअप मार्कर किंवा रंगीत मेण एवढाच इलाज.

ओरखड्याचे मोठे कारण धूळ. तापीकाठच्या काळ्या जमिनीची बारीक माती उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावूनही घरात येते, आणि कोरड्या फडक्याने ती पुसली की तिच्यातले कण काचपेपरचे काम करतात. आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी, मग किंचित ओलसर सुती कापडाने पुसावे. कापड ओले नको: एमडीएफच्या उघड्या कडेने पाणी प्यायले तर ती फुगते आणि पुन्हा बसत नाही.

पांढरी रेघ दिसली म्हणून लाकूड खरवडले गेले असे नाही. वरच्या पारदर्शक थरात चर पडला की त्याच्या कडांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. बोट ओले करून त्यावरून फिरवावे. रेघ दिसेनाशी झाली तर जखम वरवरची आहे. पातळ फर्निचर मेण चोळून मऊ कापडाने चकाकी आणली की भागते. ओले करूनही रेघ फिकी राहिली, तर खालच्या लाकडाचा रंग गेलेला असतो. अशा जागी अक्रोडाचा गर मोडून, रेघेला आडवा घासतात. तेल उघड्या लाकडात मुरून त्याला गडद करते. चर मात्र त्याने भरत नाही. अक्रोड महाग म्हणून शेंगदाणा घासण्याचा मोह खान्देशात होणारच, पण शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते आणि पुन्हा धूळ धरते. जवसाचे तेल वाळते, पण त्याचे बोळे गोळा करून ठेवू नयेत, आपोआप तापून पेट घेतात.

जुन्या पेटीवर चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश असेल, तर मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावून पाहावे. थर चिकट झाला की ओळख पटली. मग मलमलीत कापूस गुंडाळून, त्यावर पातळ चपडा घेऊन हलक्या हाताने फिरवतात. याला हवामान सांभाळावे लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेला की स्पिरिट हातातच उडते आणि बोळा चिकटतो, म्हणून काम पहाटेच उरकावे. पावसाळी दमट दिवशी तोच थर पांढुरका धरतो.

घासताना स्टीलवूल, म्हणजे पोलादी तारांचा बारीक काथ्या वापरू नये, हे फर्निचरवाला पॉलिशवाला सहसा सांगत नाही, कारण त्याच्या टेबलात चुंबक नसतो. स्पीकरात असतो. तुटलेले बारीक तंतू चुंबकाकडे ओढले जातात, व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे आवाजाबरोबर हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या फटीत बसतात आणि मग आवाज घासून येऊ लागतो. त्याऐवजी १५०० किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने, अगदी हलका चालवावा. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा थरथरणारा पडदा, आधी कागद-टेपने झाकावा आणि वायर काढून ठेवावी. सिलिकॉनचा चकाकी देणारा स्प्रेही टाळावा. पुढे लॅकर मारायची वेळ आली तर तो नीट पसरत नाही, त्यात खड्डे पडतात.

कडेशी घासताना विनिअर संपून खालचा मातकट एमडीएफ दिसू लागला, तर मेण, अक्रोड, चपडा यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. तेवढी जागा रंगाने झाकावी किंवा सुताराकडून नवे विनिअर चढवून घ्यावे.