चमच्याने तेल पिणारे इंजिन

जुन्या शेव्हरोले मोटारीच्या इंजिनाचे चेंबर, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, उतरवले की आत पत्र्याच्या पन्हळी दिसतात आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बुडाशी एक इवलासा चमचा. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, फिरला की चमचा पन्हळीतल्या तेलात बुडी मारतो, थोडे तेल बेअरिंगला पाजतो आणि उरलेले चहूकडे उडवतो. रॉडच्या बेअरिंगपर्यंत दाबाने तेल नेणारी वाटच नाही. इतका साधेपणा ठेवण्यामागे हिशेब होता.

१९२७ मध्ये फोर्डने मॉडेल टी थांबवली आणि चार सिलिंडरांची, ४० अश्वशक्तीची मॉडेल ए आणली. शेव्हरोलेची सूत्रे तेव्हा विल्यम नुडसेन यांच्या हाती होती. ते पूर्वी फोर्डकडेच होते, त्यामुळे समोरच्याचे डावपेच त्यांना ठाऊक होते. १९२९ च्या मॉडेलसाठी त्यांनी ‘चारच्या किमतीत सहा’ अशी जाहिरात करत नवे इंजिन उतरवले: १९४ घनइंच, म्हणजे सुमारे ३.२ लिटर, ४६ अश्वशक्ती, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांत पिस्टन जोडीजोडीने वरखाली होतात, क्रँकच्या दर १२० अंशांना एक स्फोट होतो. चार सिलिंडरांची थरथर इथे जवळपास नाहीशी होते.

पैसे मात्र वाचवावे लागले. पिस्टन बिडाचे, क्रँकला मुख्य बेअरिंगे तीनच. इंजिनावर लावलेले खाचवाले बोल्ट लाकडे जाळायच्या शेगडीवरच्या (स्टोव्हवरच्या) बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनी नाव पाडले ‘स्टोव्हबोल्ट सिक्स’. नाव हेटाळणीचे, पण चिकटले ते कायमचे. फोर्डला १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन काढावे लागले, यातच काय ते आले.

जपानमध्ये टोयोटाचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी शेव्हरोलेचे सहा सिलिंडरी इंजिन सुटे करून अभ्यासले. टोयोटाचे पहिले, ३,३८९ सीसीचे ‘ए’ इंजिन त्यावरूनच घडले. मुंबईत शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला तो १९२८ मध्ये, म्हणजे चार सिलिंडरी शेव्हरोलेच्या अखेरच्या वर्षी.

१९३७ मध्ये इंजिन मुळापासून बदलले: २१६ घनइंच, ८५ अश्वशक्ती, मुख्य बेअरिंगे चार. चमचे तेवढे राहिले. सावकाश चालवणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसे. सतत वेगात दामटणाऱ्याच्या रॉडची बेअरिंगे आधी झिजून बोलू (खडखडू) लागत. शेव्हरोलेच्या सगळ्या मोटारींना दाबाचे तेल मिळाले ते थेट १९५४ च्या मॉडेलांत. शिवडीचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला.