बेलापूरच्या भिंतीतला चुना

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या किल्ल्याचा फोटो कुणी टाकला की खाली हमखास प्रतिक्रिया येते: "गूळ-उडीद घातलेला चुना होता, म्हणून टिकला. आजचं सिमेंट यापुढे काहीच नाही." टिकला कुठे? पनवेल खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे असं करत 1817 मध्ये इंग्रजांकडे गेला, आणि मराठ्यांची ठाणी निकामी करण्याच्या धोरणापायी त्याची मोडतोड झाली. उरलेल्या भिंती झाडांच्या मुळांनी पोखरल्या. मात्र जुन्या भिंतींतला चुना खरोखर अभ्यासावा असा असतो, आणि त्याचं कारण गूळ नाही.

शिंपले किंवा चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की 100 किलोतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतो 56 किलो कळीचा चुना. पाणी ओतलं की तो वाफा सोडत विरतो. मग वाळू घालून घाण्यात, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा आणि दगडांमध्ये भरायचा. हा चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. गेलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून परत घेऊन तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दगडच बनतो! त्याला थोडा ओलावा लागतो, कारण वायू आणि चुना यांची गाठ छिद्रांतल्या पाण्यात पडते. पण छिद्रं तुडुंब भरली तर काम ठप्प: पाण्यातून हा वायू हवेच्या सुमारे 10,000 पट हळू पसरतो. जाड भिंतीच्या पोटातला चुना म्हणूनच वर्षानुवर्षं कच्चा राहतो. प्रयोगशाळेत अशा तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन (कच्च्या चुन्याला लागताच गुलाबी होणारं रसायन) टाकलं की कडा कोऱ्या राहतात आणि गाभा गडद गुलाबी होतो. बारीक तडा गेला तर झिरपणारं पाणी हाच कच्चा चुना विरघळवून तिथे आणतं, त्याला हवा लागते आणि तडा बुजतो.

गुळातली साखर चुन्याची विद्राव्यता वाढवते, चुना-वाळूचा मसाला कालवायला सोपा होतो. प्रमाण चुकलं तर तो घट्टच उशिरा होतो. निव्वळ ताकदीत सिमेंट कितीतरी पुढे आहे. पण जुन्या भिंतीचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरले की आतला ओलावा तिथून बाहेर पडत नाही. तो शेजारच्या जुन्या चुन्यातून, दगडाच्या छिद्रांतून वाट काढतो, खाडीचं मीठ सोबत आणतो, आणि पृष्ठभागाखाली मिठाचे स्फटिक वाढून पापुद्रे सुटतात. अशा भिंतींचे दर्जे चुन्यानंच भरावेत, पाऊस ओसरल्यावर, आणि वर काही दिवस ओलं गोणपाट ठेवावं.