मानद हुद्दा आणि राखीव हुद्दा: जेम्स स्टुअर्ट नक्की कोणत्या रांगेतले?

सचिन तेंडुलकर यांना भारतीय हवाई दलाने २०१० साली ग्रुप कॅप्टन हा मानद हुद्दा दिला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मानद हुद्दा म्हणजे गौरव. गणवेश मिळतो, सलामी मिळते, पण खालून वर चढत आल्याचा हिशेब त्यामागे नसतो. त्याबद्दल एवढे पुरे.

घोटाळा होतो तो अमेरिकी हवाई दलाच्या राखीव दलाविषयी. स्टुअर्ट हे हॉलिवूडचे नट आणि तरीही ब्रिगेडियर जनरल, म्हणजे तो हुद्दा मानदच असणार, असे गृहीत धरून लिहिलेले वाचले की माझा संयम सुटतो. १९४१ साली ते साधे शिपाई म्हणून भरती झाले, इंग्लंडमधून बी-२४ बॉम्बफेकी विमाने घेऊन जर्मनीवर गेले आणि युद्ध संपताना कर्नल होते. त्यानंतरची तेवीस वर्षे त्यांनी राखीव दलात काढली.

राखीव अधिकारी हा पेन्शनर नव्हे. आपला नोकरीधंदा सांभाळून सेवेत राहिलेला माणूस असतो. आजच्या ठरलेल्या पद्धतीनुसार तो महिन्यातून एक शनिवार-रविवार तुकडीत हजर राहतो आणि वर्षातून सुमारे दोन आठवडे सलग प्रशिक्षण घेतो. हजेरीच्या प्रत्येक सत्राला एक गुण, म्हणजे शनिवार-रविवारचे चार आणि वर्षाचे अठ्ठेचाळीस; सलग प्रशिक्षणाच्या दर दिवसाला एक; शिवाय दलात असल्याबद्दल वर्षाला पंधरा. वर्षात किमान पन्नास गुण जमले तरच ते वर्ष निवृत्तिवेतनासाठी धरले जाते, अशी वीस वर्षे भरावी लागतात, आणि एवढे करूनही पैसे हाती येतात ते साधारणपणे साठाव्या वर्षापासून. सन्मानचिन्हाच्या मागे इतकी वही-खतावणी कोणी ठेवत नाही.

बढतीचेही तसेच. १९५७ साली स्टुअर्ट यांचे नाव ब्रिगेडियर जनरलपदासाठी सेनेटपुढे आले, तेव्हा मेन राज्याच्या सेनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी हरकत घेतली. त्या स्वतः याच राखीव दलात लेफ्टनंट कर्नल होत्या, त्यामुळे कुठे बोट ठेवायचे हे त्यांना ठाऊक होते: युद्धानंतर या गृहस्थांचे प्रशिक्षणाचे दिवस फारच थोडे भरले आहेत, आणि युद्ध पेटलेच तर ज्या जागेवर त्यांना बसवायचे आहे ती जागा त्यांना झेपेल का? बढती नाकारली गेली. युद्धकाळासाठी नेमून दिलेली त्यांची जबाबदारी बदलल्यानंतर, १९५९ साली, ती मंजूर झाली. माझ्या मते हा नकारच सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण मानद हुद्दा देताना उमेदवाराचे हजेरीचे दिवस कोणी मोजत नाही.

महेंद्रसिंग धोनी यांचे उदाहरण मात्र फसवे आहे, हे मान्य करतो. प्रादेशिक सेना हे खरोखरच अर्धवेळ दल आहे आणि २०१९ साली धोनी काश्मीरमध्ये त्यातल्या आपल्या बटालियनबरोबर राहिलेही. तरीसुद्धा त्यांचा लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मानदच आहे. दल राखीव स्वरूपाचे असले म्हणून त्यातला प्रत्येक हुद्दा कमावलेला ठरत नाही.

स्टुअर्ट फेब्रुवारी १९६६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, व्हिएतनामवरील मोहिमेत निरीक्षक म्हणून बी-५२ विमानात बसले. मे १९६८ मध्ये त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते राखीव दलातून निवृत्त झाले.