सोमवारच्या तालमी: क्विअर गायकवृंदांची पार्श्वभूमी

आज जगभरात क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांचे शेकडो गायकवृंद आहेत. आठवड्याला एक तालीम, वर्षाकाठी दोन-तीन कार्यक्रम, मधूनमधून नवशिक्यांसाठी कार्यशाळा, असा त्यांचा साधारण शिरस्ता असतो. बातमी होते ती कार्यक्रमाची, पण इतिहास वाचत गेलं की नजर वारंवार तालमीच्या खोलीकडे वळते. माणसं एकमेकांची झाली ती तिथे, आणि संकट आलं तेव्हा टिकली तीही तिथल्या सवयीच्या बळावर. सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घेतलं की हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

तालमीची खोली मिळण्याआधी होता तो बार. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. पोलीस बारवर छापे घालत, पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रांत छापून येत आणि नोकरी जाई. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लॅक कॅट’ बारमध्ये होजे सारिया स्त्रीवेशात ऑपेराची विडंबनं गायचा. रात्री शेवटी तो गिऱ्हाइकांना एकमेकांचे हात धरायला लावी आणि इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आपण रचलेले शब्द सगळ्यांकडून गाऊन घेई. छाप्यात पकडलेल्यांना तुरुंगात ऐकू जावं म्हणून आपण बाहेर उभं राहूनही ते गायलो, असं सारिया पुढे सांगत असे. १९६१ मध्ये तो शहराच्या पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे तिथल्या नगरसभेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि हरला, पण त्याला साडेपाच हजारांहून जास्त मतं पडली. पोलीस आणि दारूपरवाना खात्याच्या दबावाखाली १९६३ मध्ये ‘ब्लॅक कॅट’चा परवाना गेला आणि पुढच्या वर्षी तो बंद पडला. मला या इतिहासाची सुरुवात त्या हातात हात धरून म्हटलेल्या गाण्यातच दिसते. त्या माणसांकडे जागा स्वतःची नव्हती, कायदा उलटा होता, तरी एकत्र गाण्याची रीत तयार झाली होती.

१९७७ साली अनिता ब्रायंट या लोकप्रिय गायिकेनं फ्लोरिडात मोहीम चालवली आणि समलिंगींना भेदभावापासून संरक्षण देणारा डेड काउंटी या जिल्ह्यातला नियम मतदानानं रद्द करवला. त्या यशानं धीर येऊन जॉन ब्रिग्ज या आमदारानं कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन ६’ आणलं: समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव. जॉन सिम्स हा कॅन्सस राज्यातून आलेला, शाळेत बँड शिकवलेला संगीतशिक्षक. त्याचं उत्तर होतं मार्चिंग बँड. अमेरिकेत शाळाशाळांत असे बँड असतात. शहरात आलेल्या कितीतरी समलिंगी तरुण-तरुणींनी शाळेत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम वाजवलेले होते. सिम्सनं त्यांना गोळा केलं. २५ जून १९७८ रोजी शहरातल्या समलिंगींच्या मिरवणुकीत हा बँड वाजत गेला. क्विअर चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा पहिल्यांदा फडकला तोही त्याच दिवशी.

बँडपाठोपाठ कोरस, म्हणजे गायकवृंद. ‘सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस’ची पहिली तालीम ३० ऑक्टोबर १९७८ रोजी, सोमवारी झाली. नावातच ‘गे’ शब्द घालणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ते नाव घेणाऱ्याला घरी, कचेरीत त्याची किंमत मोजावी लागू शकत होती. आठवड्याभरानं, ७ नोव्हेंबरला, मतदारांनी ‘प्रपोझिशन ६’ फेटाळलं. मग २७ नोव्हेंबर उजाडला. त्या सकाळी महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी असलेले पर्यवेक्षक हार्वी मिल्क यांची सिटी हॉलमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. मारेकरी मंडळाचाच माजी सदस्य होता.

तो वार सोमवार होता, म्हणजे तालमीचा. कोरसला जेमतेम चार आठवडे झाले होते आणि एकही कार्यक्रम झालेला नव्हता. हजारो लोक मेणबत्त्या घेऊन सिटी हॉलकडे चालत निघाले, आणि कोरस त्याच्या पायऱ्यांवर उभा राहून मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराचं एक प्रार्थनागीत गायला. ‘देवा, तूच आमचा आसरा’ अशा अर्थाचं. कोरसचं पहिलं जाहीर गायन ते हेच. ठरलेली पहिली मैफल त्यानंतर, २० डिसेंबरला झाली. त्या रात्री भाषण करायला कुणाकडे शब्द नव्हते अशी स्थिती असेल, पण तालीम झालेलं एक गाणं हाताशी होतं, आणि ते गायला एकमेकांना नुकतीच ओळखू लागलेली माणसं होती.

कोरस म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे थोडं सांगायला हवं. भजनी मंडळात सगळे एकच चाल गातात. पुरुषांच्या कोरसमध्ये एकाच वेळी चार वेगळ्या ओळी चालतात, उंच आवाजापासून खर्जाकडे: वरचे टेनर, खालचे टेनर, बॅरिटोन आणि बास. एकट्यानं आपली ओळ गायली तर ती बहुतेक वेळा अर्धवट वाटते. लांब सूर धरायचा असला की शेजाऱ्यानं श्वास घेतला त्या क्षणी आपण घ्यायचा नाही. त्याचा सूर आपण सांभाळायचा, मग आपला तो सांभाळतो. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. यासाठी शेजाऱ्याकडे सतत कान द्यावा लागतो, आणि कुणाकडे दर आठवड्याला दोन-तीन तास असा कान दिला की तो अनोळखी राहत नाही. नवा माणूस आला की त्याला जुन्याशेजारी उभं करतात. तिथे दारू नसते, कुणी कुणाला पटवायला आलेलं नसतं, साठीचा निवृत्त कारकून आणि विशीतला विद्यार्थी एकाच कागदावरून गातात. सुरुवातीच्या काळात काही सदस्य कार्यक्रमपत्रिकेत पूर्ण नाव छापू देत नसत. पण तालमीत त्यांना नावानं हाक मारणारे लोक होते.

पुरुषांच्या या कहाणीत बायकांचं काम झाकलं जातं, आणि ते मला खटकतं. फिलाडेल्फियात कॅथरीन रोमा यांनी ‘अ‍ॅना क्रूसिस’ हा स्त्रीवादी गायकवृंद १९७५ मध्येच, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन वर्षं आधी उभा केला होता. ‘ऑलिव्हिया रेकॉर्ड्स’ ही लेस्बियन स्त्रियांनी चालवलेली रेकॉर्ड कंपनी १९७३ ची. १९७६ पासून मिशिगनच्या रानात भरणाऱ्या स्त्रियांच्या संगीत महोत्सवात रंगमंच उभारणं, ध्वनियंत्रणा सांभाळणं, स्वयंपाक हे सगळं बायकाच करत. दिवसभर कार्यशाळा चालत. बाहेर कुणी ध्वनियंत्रणेला हात लावू देत नसताना कितीजणी ते काम तिथे शिकल्या. मात्र याच महोत्सवानं ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्मताना मुलगा मानल्या गेलेल्या स्त्रियांना, दार बंद ठेवलं. त्याविरुद्ध फाटकाबाहेर वर्षानुवर्षं निषेध-छावणी पडली, आणि २०१५ मध्ये महोत्सव संपला तोवर वाद मिटला नव्हता. समाज बांधणाऱ्यांनी कुणाला बाहेर ठेवलं, हाही या पार्श्वभूमीचाच भाग आहे.

१९८१ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचा कोरस देशाच्या दौऱ्यावर निघाला. दौऱ्यानं संस्थेला कर्जात टाकलं, पण ठिकठिकाणी ऐकणाऱ्यांना आपल्या गावात असं काही काढावंसं वाटू लागलं. १९८३ मध्ये न्यूयॉर्कला अशा गायकवृंदांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. लंडनचे ‘पिंक सिंगर्स’ही त्याच वर्षीचे.

त्याच १९८१ च्या जूनमध्ये, पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची पहिली सरकारी नोंद प्रसिद्ध झाली होती. जॉन सिम्स १९८४ मध्ये एड्सनं गेला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. सॅन फ्रान्सिस्कोच्या कोरसनं या साथीत अडीचशेहून अधिक सदस्य गमावले. दर सोमवारी एकत्र जमणाऱ्या माणसांत कोण आलं नाही ते लगेच कळतं. मग कुणीतरी त्याच्या घरी जातं. गेलेल्या सदस्यांना कोरस ‘पाचवा विभाग’ म्हणतो, म्हणजे गाण्याच्या चार ओळींनंतरचा. १९९३ मध्ये एरिक लूस यांनी काढलेल्या छायाचित्रात बहुतेक सदस्य काळ्या कपड्यांत पाठमोरे उभे आहेत आणि पांढऱ्या कपड्यांतले मोजकेच कॅमेऱ्याकडे पाहतात. पांढरे म्हणजे मूळच्या कोरसमधले हयात असलेले, पाठमोरे म्हणजे गेलेल्यांची जागा.

ट्रान्स गायकांचा प्रश्न पुढे आला तो उशिरा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेऊ लागलं की आवाज काही महिन्यांत खाली उतरतो, मधल्या काळात फुटतो, ओळखीचे सूर हाती लागत नाहीत. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकानं मात्र आवाज वर चढत नाही; वरचा स्वर सरावानंच कमवावा लागतो. ‘पुरुष इकडे, बायका तिकडे’ अशा मांडणीत या गायकांना जागाच नव्हती. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच ‘ट्रान्सेंडन्स गॉस्पेल कॉयर’ हा ट्रान्स गायकांचा वृंद सुरू झाला. आता अनेक ठिकाणी स्वरपट्टीनुसार उभं करतात आणि बदलत्या आवाजासाठी स्वतंत्र कार्यशाळा घेतात. ही सुधारणा मला पन्नास मैफलींपेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडे हा धागा मुंबईत पोचला आहे. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाच्या गुन्ह्यातून वगळले. ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ हा क्विअर गायकवृंद त्याआधीच गात होता. मराठीत या कामाला मोठी जागा रिकामी आहे. भावगीतं, लोकगीतं, ओव्या चार ओळींत बांधून त्यांचं स्वरलेखन हौशी गायकांना सहज मिळेल असं ठेवलं, तर पुण्या-नागपुरात, कोल्हापुरातही एक पेटी आणि दहा माणसांवर तालीम सुरू करता येईल. ज्यांना संगीतसंयोजन येतं त्यांनी हे काम हाती घ्यावं.