स्पीडवेचा परवाना, गाडीची तपासणी आणि इंजिनाचा खर्च: अर्ज करण्याआधी काय माहीत हवं

स्पीडवेमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींत, उतरायचं ठरलं की बहुतेक जण आधी इंजिन शोधायला लागतात. कुणाचं इंजिन घ्यायचं, कोणत्या ट्यूनरकडून (इंजिन जुळवून त्याची ताकद वाढवणाऱ्या कारागिराकडून), किती ताकदीचं, यावर चर्चा रंगते आणि अर्जाचे कागद मागे पडतात. आधी परवाना, मग वर्ग आणि सगळ्यांत शेवटी इंजिन, हा क्रम धरला तर नव्या रायडरचा फार मोठा खर्च टळतो. नियम वाचण्याआधी घेतलेलं इंजिन अनेकदा त्याच्या वर्गाला चालत नाही. चाललं, तरी त्याची ताकद वापरण्याइतका हात अजून बसलेला नसतो.

थोडक्यात खेळ असा. मातीचा किंवा शेल या भुसभुशीत खडकाच्या चुऱ्याचा सुटा थर असलेला अंडाकृती ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. अशी एक शर्यत, म्हणजे एक हीट, जेमतेम मिनिटभरात संपते. गाडीला ५०० सीसीचं एकच सिलिंडर असलेलं फोर-स्ट्रोक इंजिन असतं आणि ते मिथेनॉलवर चालतं. गिअर एकच असतो, ब्रेक नसतोच. गाडीचं किमान वजन ७७ किलो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला शून्य.

खर्च नेमका कुठे वाढतो, हे समजलं की पुढचे नियम का आहेत ते आपोआप कळतं. नियम घनफळ बांधून देतो, इंधन बांधून देतो, कार्ब्युरेटर एकच आणि त्याचं तोंड जास्तीत जास्त ३४ मिलिमीटर, असंही सांगतो. टर्बो नाही, फ्युएल इंजेक्शन नाही. पण सिलिंडर हेडच्या आत हवा कोणत्या आकाराच्या वाटेने जाते, कॅमचा उठाव किती, व्हॉल्व्ह कसे घासून बसवले, पिस्टन किती हलका, कॉम्प्रेशन किती, या सगळ्यांत मोकळीक राहते. मोठ्या शर्यतींत दिसणारी इंजिनं प्रामुख्याने चेक प्रजासत्ताकातल्या दिविशोव्ह इथली जावा आणि इटलीतली जीएम, अशा मोजक्या कारखान्यांतून येतात. मात्र वरच्या पातळीवर कारखान्यातून आलं तसंच इंजिन ट्रॅकवर क्वचितच जातं. ते ट्यूनरच्या टेबलावर उघडलं जातं, आणि ठरावीक हीट झाल्या की पुन्हा उघडलं जातं. निसरड्या कडक ट्रॅकसाठी एक इंजिन, खोल सुट्या मातीसाठी दुसरं, आणि एखादं फुटलं तर तिसरं.

हा सगळा खर्च बहुधा रायडरच्याच खिशातून जातो. ब्रिटन आणि पोलंडच्या लीगमध्ये क्लब रायडरशी करार करतो आणि मोबदला मोठ्या प्रमाणात मिळवलेल्या गुणांवर ठरतो. गाडी, इंजिन, मेकॅनिक रायडरने सांभाळायचे. चांगलं इंजिन असेल तर गुण येतात, गुण आले तर पैसे येतात, पैसे आले तर आणखी चांगलं इंजिन येतं. ज्याच्याकडे पहिलंच इंजिन बेताचं आहे तो या चक्राबाहेर राहतो, त्याचं कसब कितीही असो. खर्चावर नियंत्रण आणि न्याय हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असं मी म्हणतो ते यामुळे.

परवान्यासाठी पात्रता आणि कागद

आंतरराष्ट्रीय पातळीवर या खेळाची सूत्रं एफआयएम या महासंघाकडे आहेत. अर्ज मात्र थेट तिथे जात नाही. तो तुमच्या देशातल्या सदस्य संघटनेमार्फतच करावा लागतो. ब्रिटनमध्ये ही संघटना एसीयू आहे आणि स्पीडवेचं नियमन स्पीडवे कंट्रोल ब्युरो पाहतो. पोलंडमध्ये पीझेडएम. आपल्या राष्ट्रीय संघटनेचं नियमपुस्तक आधी वाचा, कारण देशांतर्गत परवान्याच्या अटी, शुल्क आणि परीक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात.

वयाची अट नीट समजून घ्या. एफआयएमच्या ५०० सीसी स्पर्धांसाठी किमान वय १६ वर्षं आहे आणि ते वाढदिवसापासून धरलं जातं. म्हणजे वाढदिवस जूनमध्ये असेल तर मे महिन्यातल्या शर्यतीत उतरता येत नाही. कमाल वय मात्र त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालतं. २१ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ज्या वर्षी २१ पूर्ण होतात ते संपूर्ण वर्ष खेळता येतं. किमान आणि कमाल वय मोजण्याच्या पद्धतीतला हा फरक लक्षात न आल्याने प्रवेश अर्ज परत येऊ शकतो.

कागदांत ओळखीचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, डॉक्टरांनी दिलेलं शारीरिक योग्यतेचं प्रमाणपत्र, अपघात विमा आणि अल्पवयीन असाल तर पालकांची लेखी संमती, एवढं साधारण सगळीकडे मागतात. काही देशांत प्रत्यक्ष चाचणीही असते. पोलंडमध्ये परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि तिथे ट्रॅकवर गाडी हाताळून दाखवावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्राकडे विशेष लक्ष द्या. मोसमात मोठी दुखापत झाली, विशेषतः डोक्याला मार लागला, तर जुनं प्रमाणपत्र पुरत नाही आणि पुन्हा ट्रॅकवर येण्याआधी नव्याने तंदुरुस्त ठरावं लागतं. सर्व कागदांवर नाव पारपत्रावर आहे तसंच लिहा.

परदेशात खेळायचं असेल तर आणखी एक कागद लागतो: तुमच्या संघटनेचं स्टार्ट परमिशन, म्हणजे त्या स्पर्धेत भाग घेण्याची लेखी परवानगी. एफआयएमच्या स्पर्धेसाठी त्यांचा परवानाही लागतो. तो वर्षाचा किंवा एकाच स्पर्धेपुरता घेता येतो. वर्षात एखादीच आंतरराष्ट्रीय शर्यत असेल तर एका स्पर्धेचा परवाना स्वस्त पडतो का, ते आधी विचारून घ्या.

वर्ग निवडताना

खर्च आवरण्याचा सगळ्यांत मोठा निर्णय अर्जातल्या एका रकान्यात असतो: कोणता वर्ग. मुलांसाठी लहान इंजिनांचे वर्ग अनेक देशांत आहेत. ब्रिटनच्या युवा स्पर्धांत १२५, २५० आणि ५०० सीसी अशा पायऱ्या आहेत, तर २५० सीसीची जागतिक स्पर्धा एसजीपी३ या नावाने होते. त्याच्याही खालची एसजीपी४ ही स्पर्धा २०२३ मध्ये स्वीडनमधल्या मॉलिला इथे सुरू झाली. तिथे ११ ते १३ वयाच्या मुलांना एकसारख्या १९० सीसीच्या गाड्या आयोजकांकडूनच मिळतात. कोणाच्या वडिलांनी काय खरेदी केलं, याला तिथे अर्थ उरत नाही. या खेळात न्यायाच्या दृष्टीने इतकं स्वच्छ पाऊल मला दुसरं दिसलेलं नाही. माझ्या मते राष्ट्रीय संघटनांनीही आपल्या सर्वांत खालच्या वर्गात हीच पद्धत आणावी.

पालकांना एक सांगणं. लहान वर्गातही ट्यूनिंगचा मोह होतो. मूल अजून स्टार्टला क्लच सोडायला शिकत असेल तर वाढवलेली ताकद त्याला पुढे नेत नाही. मागचं चाक फक्त जास्त फिरतं. तो पैसा सरावाच्या दिवसांवर आणि सुरक्षिततेच्या साहित्यावर घाला.

गाडीची तपासणी

स्पर्धेच्या दिवशी गाडी आणि साहित्य तपासणीसाठी मांडावं लागतं. तपासणी झाल्यावर गाडीवर खूण केली जाते आणि खूण नसलेली गाडी वापरता येत नाही. परवाना सोबत ठेवा. हेल्मेट, कपडे, हातमोजे, डाव्या पायाच्या बुटाखालची पोलादी पट्टी हे सगळं एकदमच दाखवा.

तपासनीस काय पाहतो? रायडर गाडीवरून पडताच इंजिन बंद करणारा, मनगटाला बांधायचा इग्निशनचा दोर. हात सोडताच मिटणारा थ्रॉटल. साखळीवरची झाकणं. मागच्या चाकाजवळचा मातीरोधक. सायलेन्सर मान्यता मिळालेल्या यादीतला आहे का आणि त्यावर मान्यतेचा क्रमांक कोरलेला आहे का. टायर यादीतले आहेत का. फ्रेम, पुढचे फोर्क, हँडलबार किंवा चाकांचे आस टायटॅनियमचे तर नाहीत ना, कारण तिथे त्या धातूला मनाई आहे. हा शेवटचा नियम सुरक्षेसाठी असला तरी वजन कमी करण्याच्या महागड्या चढाओढीलाही लगाम घालतो. तशीच गोष्ट किमान वजनाची. ७७ किलोच्या खाली जाताच येत नाही, म्हटल्यावर त्यापुढे हलक्या भागांवर पैसे ओतण्यात फारसा अर्थ राहत नाही.

इंजिनाचं घनफळ तपासायचं तर सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजतात. व्यासाचा वर्ग गुणिले ३.१४१६ गुणिले चाल, भागिले ४. समजा व्यास ९० मिलिमीटर आणि चाल ७८ मिलिमीटर आहे, तर घनफळ सुमारे ४९६.२ सीसी येतं. झिजेसाठी व्यासात ०.१ मिलिमीटरची सूट असते. आपल्या उदाहरणात तेवढ्याने घनफळ साधारण १.१ सीसीने वाढतं, म्हणजे वाढ अगदी किरकोळ आहे. मर्यादा तरीही ओलांडलेली दिसली तर इंजिन थंड करून पुन्हा, अधिक बारकाईने मोजतात. इंधनाचा नमुनाही घेतला जाऊ शकतो. मिथेनॉलमध्ये ताकद वाढवणारं काहीही मिसळायला बंदी आहे.

पण मोजपट्टीने जे मोजता येतं त्यात पैसा फारसा नाही. पैसा आहे तो हेडच्या आतल्या घडणीत, आणि ती नियमात बसते. घनफळाच्या तपासणीत साधं आणि महागडं, दोन्ही इंजिनं पास होतील आणि तरी स्टार्टनंतर पहिल्या वळणापर्यंत त्यांच्यात गाडीभर अंतर पडलेलं असेल. म्हणून नियमपालनाचा शिक्का मिळाला की शर्यत समान झाली, असं मी मानत नाही.

खर्चाला आवर घालण्याचे मार्ग

आयोजक किंवा संघटना म्हणून नियम लिहायचे असतील तर पर्याय मोजके आहेत. पहिला, मान्यताप्राप्त भागांची यादी. हा सोपा, पण दुधारी. २०११ मध्ये नवे सायलेन्सर सक्तीचे झाले, तेव्हा इंजिन तापतं आणि ताकद नीट मिळत नाही, अशा तक्रारी रायडरांनी केल्या. आवाज कमी करणं योग्यच होतं, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारींनी ट्रॅक बंद पडू शकतात. पण नव्या सायलेन्सरनुसार इंजिन जुळवून घेण्याचा खर्च पुन्हा रायडरवरच आला. यादी बदलायची तर किमान एक मोसम आधी कळवलं पाहिजे.

दुसरा, सीलबंद इंजिन. ठरलेल्या कार्यशाळेतच ते उघडायचं, बाहेर सील तुटलं तर रायडर बाद. हे चालतं, पण सील लावणारी कार्यशाळा कोणत्याही रायडरशी बांधलेली नसावी, ही अट लेखी हवी. तिसरा, सगळ्यांना एकाच जातीची इंजिनं आणि ती चिठ्ठ्या टाकून वाटायची. खालच्या वर्गांसाठी मला हाच सर्वांत योग्य वाटतो. चौथा अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींत वापरला गेला आहे: शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्धी ठरलेल्या किमतीला विजेत्याचं इंजिन विकत मागू शकतो. त्यामुळे त्या किमतीच्या वर खर्च करायला कुणी धजत नाही. स्पीडवेत मात्र रायडर आणि इंजिन यांची सवय फार घट्ट असते, तेव्हा हा नियम क्लब पातळीवरच आजमावावा.

इंजिनाला हात न लावताही न्याय साधता येतो. १६ रायडर आणि २० हीटच्या पद्धतीत प्रत्येक जण इतर पंधराही जणांशी बरोबर एकदा लढतो. ब्रिटिश लीगमध्ये प्रत्येक रायडरची सरासरी चार हीटच्या हिशोबाने काढतात, म्हणजे जास्तीत जास्त १२, आणि संघातल्या सरासरींच्या बेरजेवर मर्यादा असते. एकाच क्लबने सगळे वरचे रायडर गोळा करू नयेत, हा त्यामागचा हेतू.

शंका असेल तर तक्रार

दुसऱ्याच्या गाडीबद्दल संशय असेल तर पिटमध्ये कुजबुज करून उपयोग नाही, लेखी द्यावं लागतं. एफआयएमच्या नियमांनुसार रायडर किंवा गाडी पात्र नाही अशी तक्रार साधारणपणे अधिकृत सराव सुरू होण्याआधी करायची असते, आणि निकालाविरुद्धची तक्रार निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत. प्रत्येक मुद्द्याची तक्रार वेगळी, सोबत ठरलेलं शुल्क. तक्रार योग्य ठरली तर ते परत मिळतं. पंचाने प्रत्यक्ष पाहून दिलेल्या वस्तुस्थितीवरच्या निर्णयाविरुद्ध, उदाहरणार्थ पहिल्या वळणावर कोणामुळे हीट थांबली यावर, तक्रार करता येत नाही.

तुमच्या स्वतःच्या इंजिनावर तक्रार आली तर कामी येतात ते तुमचेच कागद. इंजिनाचा क्रमांक, शेवटचं उघडल्याची तारीख, त्या वेळी मोजलेला व्यास आणि चाल, बदललेले भाग, तेव्हापासून झालेल्या हीट, हे एका वहीत ठेवा. वापरलेलं इंजिन विकत घेताना विक्रेत्याकडून हीच नोंद मागा. नोंद देत नसेल तर ते इंजिन घेऊ नका.

एफआयएमचा वार्षिक परवाना ज्या वर्षासाठी दिला त्या वर्षापुरताच असतो, आणि युरोपातला मोसम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो. नूतनीकरण, वैद्यकीय तपासणी आणि इंजिन उघडून करायची कामं हिवाळ्यातच उरकून घ्या. मार्चमध्ये ट्यूनर आणि संघटनेचं कार्यालय, दोन्हीकडे रांग असते.