दोन ‘निरभ्र आकाशं’: बाओ झेंग आणि हाय रुई

लाच न खाणाऱ्या, गरिबाचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला चिनी लोक ‘छिंगथ्येन’ म्हणतात, म्हणजे निरभ्र आकाश. हे नाव सगळ्यांत जास्त चिकटलं ते बाओ झेंग आणि हाय रुई या दोघांना. दोघेही कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर वाढलेले, दोघेही हट्टी. त्यामुळे एकाच्या गोष्टी सहज दुसऱ्याच्या नावावर जातात. प्रत्यक्षात दोघांमध्ये पाचशे वर्षांचं अंतर आहे.

बाओ (999–1062) सोंग राजवटीतला. 1027 साली तो सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला, पण आईवडिलांच्या सेवेसाठी कितीतरी वर्षं नोकरीबाहेर राहिला. पुढे शाई उगाळायच्या सहाणांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्वान्झोउला त्याची नेमणूक झाली. आधीचे अधिकारी दरबाराच्या नावाखाली कितीतरी पट सहाणा उकळून बड्या लोकांना वाटत. बाओने दरबाराला लागतील तेवढ्याच करवून घेतल्या आणि जाताना स्वतःसाठी एकही नेली नाही. राजधानी काइफेंगमध्ये त्याने कचेरीचा मुख्य दरवाजा उघडून फिर्यादींना थेट आपल्यासमोर येऊ दिलं. काळा चेहरा, कपाळावर चंद्रकोर, रात्री पाताळात चालणारा न्याय, हे सगळं नंतरच्या नाटकांचं देणं. सोंग राजवटीच्या अधिकृत इतिहासग्रंथातल्या त्याच्या चरित्रात खटला येतो तो एकच, बैलाची जीभ कापल्याचा.

हाय रुई (1514–1587) मिंग काळातला, हाइनान बेटावरचा. चार वर्षांचा असताना वडील गेले, आईने वाढवलं. सर्वोच्च परीक्षा तो कधीच उत्तीर्ण झाला नाही. छुनआन तालुक्याचा अधिकारी असताना त्याने आईच्या वाढदिवसाला दोन शेर मांस घेतलं, तर त्याची बातमी झाली. 1566 साली त्याने सम्राट जियाजिंगला अर्ज लिहिला: तुम्ही दरबार सोडून अमरत्वाच्या विधींत गुंतलात, तुमच्या कारकिर्दीच्या ‘जियाजिंग’ या नावाच्या उच्चारावरून त्याचा अर्थ लोक ‘घरोघरी खडखडाट’ असा लावतात. सम्राट संतापून म्हणाला, पकडा त्याला, पळू देऊ नका. तेव्हा एका खोजाने सांगितलं, तो पळणार नाही, शवपेटी विकत घेऊन आणि बायकोमुलांचा निरोप घेऊन बसलाय. सम्राट वारल्यावरच हाय रुई तुरुंगातून सुटला.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. बाओनेही राणीच्या काकाच्या नेमणुकांवरून सम्राट रेन्झोंगला भर दरबारात धारेवर धरलं होतं, पण रेन्झोंगने ऐकून घेतलं आणि बाओ वर चढत गेला. हाय रुईला असा राजा मिळाला नाही. 1569 साली तो सुझोउ भागाचा प्रमुख झाला आणि जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनी परत करवू लागला. त्यात आपल्याला मृत्युदंडापासून वाचवणाऱ्या माजी प्रधान श्यू ज्येच्या घराण्यालाही त्याने सोडलं नाही. वर्षभरातच त्याला घरी बसवलं, ते पंधरा वर्षं.

मेल्यावरही हाच फरक राहिला. बाओ देवळांत आणि टीव्ही मालिकांत गेला. हाय रुईवरचं इतिहासकार वू हान यांचं नाटक 1961 मध्ये बीजिंगला झालं. नोव्हेंबर 1965 मध्ये त्यावर शांघायच्या वृत्तपत्रातून हल्ला झाला आणि तिथून माओच्या सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे जुन्या विचारांविरुद्धच्या हिंसक मोहिमेची, ठिणगी पडली. वू हान 1969 मध्ये कैदेत वारले. हाइनानमधली हाय रुईची कबर त्याआधीच, 1966 मध्ये, फोडली गेली होती.