वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना: रनिंग, वय आणि घसारा

‘मायलेज’ हा शब्द आपल्याकडे ‘लिटरला किती देते’ या अर्थाने इतका रुळला आहे की स्पोर्ट्स कारच्या चौकशीतही काही ग्राहक प्रथम तोच आकडा विचारतात. या पत्रकात मात्र गाडीच्या रनिंगचा, म्हणजे मीटरवर नोंदलेल्या एकूण किलोमीटरचा, आणि रनिंग व वय यांमुळे किमतीत होणाऱ्या घसाऱ्याचा विचार केला आहे. खरेदीपूर्व तपासणीसाठी आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या ग्राहकांनी सौद्याचा विसार देण्यापूर्वी ते वाचावे, अशी विनंती आहे.

प्रथम घसाऱ्याविषयी. हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या हिशेबांसाठी वापरला जातो आणि विक्रेता स्वाभाविकपणे त्यांतला आपल्या सोयीचा हिशेब पुढे करतो. प्राप्तिकरासाठी, व्यवसायाच्या नावावर घेतलेल्या मोटारीवर दरवर्षी उरलेल्या मूल्याच्या १५ टक्के घसारा धरला जातो. विम्यासाठी, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात ते मूल्य (म्हणजे विम्यात गाडीची जी किंमत धरली जाते ती) काढताना, चार वर्षे पूर्ण झालेल्या गाडीवर ५० टक्के घसारा धरण्याचा प्रघात आहे, आणि पाच वर्षांनंतर ते मूल्य विमा कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायचे असते. उदाहरणादाखल ८० लाखांची गाडी घेतली, तर चार वर्षांनी तिची किंमत हिशेबाच्या वहीत सुमारे पावणेबेचाळीस लाख आणि, कंपनीची दरपत्रकातील किंमत तीच राहिली असेल तर, विम्याच्या कागदावर ४० लाख दिसेल. हे दोन आकडे जवळ आले हा केवळ योगायोग असून बाजार त्यांपैकी कोणालाच बांधलेला नसतो.

बाजारातला घसारा पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत तीव्र असतो. पहिल्या मालकाने भरलेला वाहन कर, नोंदणीचा खर्च आणि विम्याचा हप्ता दुसरा ग्राहक भरून देत नाही. म्हणून ‘ऑन रोड इतक्याला पडली होती’ या वाक्याला वाटाघाटीत फारसे वजन देऊ नये. पुढे घसरण मंदावते, पण सर्व गाड्यांची सारखी नाही. फोर्डने मस्टँग २०१६ मध्ये भारतात आणली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. अशा गाडीचा भाव लावताना सुटे भाग कोठून आणि किती दिवसांत मिळतील, हा प्रश्न रनिंगपेक्षा मोठा ठरतो. याउलट श्कोडाची २०२० मधील ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतासाठी अवघ्या २०० नगांपुरती होती. चार दारांची ही गाडी काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे, परंतु दुर्मीळ गाडीला केवळ वर्षांच्या हिशेबाने तोलता येत नाही, हे तिच्यावरून समजते.

आता रनिंगकडे वळू. कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, ही समजूत घरच्या हॅचबॅकच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी असते, स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र निम्मीच. सोसायटीच्या तळघरात आच्छादनाखाली उभी राहणारी आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे बाणेरहून लोणावळ्याला जाऊन येणारी गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. पण तेवढ्या काळात तिचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते, रबरी बुश व सील कडक होतात, बॅटरी उतरते, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेतलेले उंदीर वायरिंग कुरतडतात. (शेवटच्या मुद्द्यावर ग्राहक हसतात. दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाहिल्यावर हसत नाहीत.) टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार अंकी आकडा असतो, तो २३१६ असेल तर टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. त्याची नक्षी नव्यासारखी खोल असली तरी रबर म्हातारे झालेले असते, आणि अशा टायरवर द्रुतगती मार्गावरचा वेग गाठणे धोक्याचे आहे. म्हणून दहा हजार किलोमीटर चाललेल्या सात वर्षांच्या गाडीपेक्षा चाळीस हजार चाललेली, दरवर्षी ऑइल आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदललेली गाडी आम्ही अनेकदा अधिक पसंत करतो.

मीटर मागे केला आहे का, हे डोळ्यांनी ओळखता येतेच असे नाही. मध्यंतरी आमच्याकडे दोन दारांची एक गाडी आली होती. मीटरवर १९,४०० किलोमीटर होते, रंग निर्दोष होता, पण चालकाच्या आसनाची दाराकडची कड, जिच्यावरून घसरत आत बसावे लागते, ती चामड्याच्या शिवणीपर्यंत झिजली होती. इंजिनाच्या नियंत्रक संगणकात इंजिन १,३१० तास चालल्याची नोंद मिळाली. भागाकार केला तर ताशी सरासरी पंधरा किलोमीटरही भरत नव्हते. गाडी रोज कर्वे रस्त्याच्या गर्दीत अडकत असती तर हे एक वेळ पटले असते. मालक मात्र ती फक्त सुटीच्या दिवशी बाहेर काढतो असे सांगत होता. तासांवरून संशय आला, खात्री झाली ती दस्तऐवजांच्या कप्प्यात राहून गेलेल्या ब्रेक पॅडच्या बिलावरून, कारण दोन वर्षांपूर्वीच्या त्या बिलावर २७,८६० किलोमीटर लिहिलेले होते. सर्वच गाड्यांत तासांची नोंद वाचता येत नाही; पोर्शेच्या गाड्यांत मात्र ती मिळते. त्याचबरोबर इंजिन मर्यादेपलीकडे कितीदा फिरले आणि शेवटचे केव्हा, हेही तेथे कळते. मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारा मर्यादक काही करू शकत नाही; अशा घटना नोंदीत दिसल्या तर मीटरवरचे किलोमीटर कितीही कमी असोत, आम्ही इंजिन आतून तपासल्याशिवाय होकार देत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. मालकीहस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि परराज्यातील गाडीसाठी नमुना २८ नुसारचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परराज्यातील पासिंगची गाडी स्वस्त दिसली, तरी येथे नोंदणी करताना पुन्हा भरावा लागणारा कर किमतीत मिळवून मगच तुलना करावी. विमा हस्तांतरित करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या मालकाला मिळत नाही.

तपासणीसाठी येताना सर्व्हिसची मूळ बिले आणावीत. छायाचित्रांवर आम्ही अभिप्राय देत नाही. गाडी आदल्या संध्याकाळीच कार्यशाळेत आणून ठेवावी आणि रात्रभर सुरू करू नये, कारण पूर्ण थंड इंजिन प्रथम सुरू होतानाचा आवाज व धूर पाहण्याची संधी सकाळी एकदाच मिळते. ही विनंती विक्रेत्याने नाकारली, तर त्याचे कारण आम्हांला अवश्य कळवावे.